बाळंतपणात खरंच वीस हाडं एकदम मोडल्याइतकं दुखतं का? सातवा महिना आहे, भीतीने झोप लागत नाही. सरळ सिझर करून घेऊ का?

आधी त्या वीस हाडांचं बघू. ‘माणूस ४५ डेल वेदना सहन करू शकतो, बाळंतपणात ५७ डेल होतात’ हा मेसेज माझ्याही मोबाईलवर आला होता, तोही आठव्या महिन्यात. वेदना मोजायचं ‘डेल’ नावाचं मापच अस्तित्वात नाही. हाडांशी केलेली तुलना कोणी तरी रचलेली आहे. कोणाच्या हाडांची आणि कोणाच्या कळांची तुलना केली, हे त्यात कुठेच नसतं, कारण ती कोणी केलेलीच नाही. तो मेसेज आजच काढून टाका. आईचं मोठेपण सांगायला म्हणून लोक तो पुढे पाठवतात आणि वाचते ती पोटुशी बाई.

आता खरं सांगते. दुखतं, खूप दुखतं. माझी दोन बाळंतपणं झाली, पहिलं २०१४ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या गावाजवळ आणि दुसरं २०१९ मध्ये पुण्यात. दोन्ही वेळी सिझर न होता नॉर्मलच बाळंतपण झालं, पण दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक होता. तो फरक कशामुळे पडला तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पहिल्या वेळी रात्री दोनच्या सुमाराला कंबर भरून आली. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं तसंच. मला वाटलं गॅस झाला असेल. पहाटेपर्यंत ते दुखणं कमरेतून पोटाकडे यायला लागलं. पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. आजी उशाशी बसली होती. ती म्हणाली, “बाय, कळ येती नि जाती, ती काय मुक्कामाला येत न्हाई.” तेव्हा मला तिचा रागच आला. पण मला कोणी सांगितलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच होती, हे दुसऱ्या बाळंतपणात कळलं.

हाड मोडलं की ते सतत ठणकत राहतं. कळांचं तसं नसतं. गर्भपिशवी हा स्नायू आहे. तो आवळतो तेव्हा पिशवीचं तोंड ताणलं जातं आणि दुखतं. तो सैल पडला की दुखणं ओसरतं. ऐन भरात कळा दर तीन मिनिटांनी येतात आणि एकेक मिनिटभर टिकते. म्हणजे तासाचा हिशोब केला तर वीस मिनिटं दुखणं आणि चाळीस मिनिटं मोकळीक. या चाळीस मिनिटांबद्दल कोणी बोलतच नाही. दुसऱ्या वेळी मी दोन कळांच्या मध्ये चक्क डुलक्या काढल्या. काहींना मात्र कंबर मधल्या वेळातही दुखत राहते, विशेषतः बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर. त्यांच्यासाठी हा हिशोब इतका सोपा नसतो, हेही सांगायला हवं.

सगळ्यात कठीण टप्पा तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधीचा, म्हणजे आठ-नऊ सेंटीमीटरच्या आसपासचा. कळांवर कळा येतात, अंग थरथरतं, उलटी होते आणि ‘मला नाही जमणार, मला घरी न्या’ असं बाई म्हणायला लागते. मीही म्हणाले होते. त्या वेळी वाटतं की आता हे कधीच संपणार नाही, आणि नेमका तोच टप्पा शेवटाजवळचा असतो. पुढे जोर करायचा टप्पा येतो, त्यातलं दुखणं वेगळं. मला तर तो टप्पा आधीपेक्षा बरा वाटला, कारण तेव्हा करायला काही तरी होतं. डोकं बाहेर येताना आगीसारखी जळजळ होते, पण ती थोडा वेळच. बाळ आलं की आपल्याकडे ‘मोकळी झाली’, ‘सुटली’ म्हणतात ना, ते अगदी शब्दशः खरं आहे. त्यानंतर वार (प्लासेंटा) पडते, टाके घालावे लागले तर घालतात. टाक्यांबद्दल मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. आठवडाभर नीट बसता येत नव्हतं, शौचाला जायची धास्ती वाटायची. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने खूप आराम पडला.

मग पहिल्या वेळी वाईट काय झालं? मी एकटी होते. आईला दाराबाहेर थांबवलं होतं. कोणी तरी यायचं, हातमोजा घालून तपासायचं आणि एक शब्द न बोलता निघून जायचं. किती उघडलंय, अजून किती वेळ लागेल, काहीच कळत नव्हतं. मी ओरडले तेव्हा आतल्या बाईंनी जे ऐकवलं (‘तेव्हा नाही ओरडलीस?’ या जातीचं), ते मला आजही आठवतं. कळा विसरले, ते वाक्य नाही विसरले. सोळा तासांत दुखण्यापेक्षा ‘हे असंच व्हायचं असतं की माझं काही तरी बिघडलंय’ या प्रश्नानेच मी जास्त खचले.

भीतीने दुखणं वाढतं, ही गोष्ट ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली होती. भीती वाटली की अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं आणि दुखलं की भीती आणखी वाढते. पण याचा अर्थ ‘घाबरलीस म्हणून दुखलं’ असा कोणी लावला तर मुळीच ऐकून घेऊ नका. न घाबरताही दुखतं. आणि भीती घालवणं हे एकट्या बाईचं काम नाही, तिच्या आजूबाजूच्या माणसांचंही आहे.

दुसऱ्या वेळी माझी मोठी जाऊ आत होती. तिची स्वतःची दोन बाळंतपणं झालेली. कळ आली की ती तळहाताच्या टाचेने माझ्या कमरेखाली दाबून धरायची आणि ‘आता चढतेय, आता माथ्यावर आहे, आता उतरली’ असं सांगायची. मी फुंकर घालावी तसा लांब श्वास सोडायची. खाटेवर पडून राहण्यापेक्षा फेऱ्या मारताना, कठड्याला धरून उभी राहताना कळ सोसवत होती. तुमचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात होणार असेल तरी हे मागता येतं. बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई सोबत असू द्यावी, अशी केंद्र सरकारची सूचना २०१६ पासून आहे. सरकारी दवाखान्यांतल्या लेबर रूम सुधारण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाने वागवण्यावर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आपल्या पसंतीच्या माणसाची सोबत असावी असं स्पष्ट सुचवलंय. प्रत्यक्षात दवाखान्यागणिक फरक पडतो, म्हणून आधीच विचारून ठेवा. आणि सोबतीला अशी बाई निवडा जी स्वतः घाबरत नाही. माझी आई फार मायेची, पण मी कण्हले की ती रडायची. तिला आम्ही बाहेर चहा-पाण्याचं काम दिलं.

शिवाय पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर मी कमरेतलं वेदना कमी करायचं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल घेतलं. सासरी एक-दोघी कुजबुजल्या की आजकालच्या मुलींना सोसवत नाही. दात काढताना भूल घेतली तर कोणी असं म्हणत नाही! पाठ मांजरीसारखी गोल करून बसवलं, गार औषध पुसलं, आधी कातडीला भूल दिली, मग दाब जाणवला. सुई काढून घेतात आणि आत फक्त बारीक नळी राहते. त्यातच एक कळ आली, तेव्हा न हलता बसणं अवघड गेलं. पंधरा-वीस मिनिटांत दुखण्याची धार गेली. पोट आवळलेलं कळत होतं, पण जाळत नव्हतं. पाय जड झाले, थोडी खाज सुटली. रक्तदाब उतरू शकतो म्हणून तो वरचेवर बघतात. जोर करायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. पण त्यामुळे सिझरची शक्यता वाढत नाही, आणि ‘जन्मभर कंबर दुखते’ यालाही अभ्यासांत आधार मिळालेला नाही. टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं एवढंच. अडचण वेगळीच आहे. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर वेळेवर हजर लागतात आणि तालुक्याच्या ठिकाणी ते प्रत्येक वेळी मिळतातच असं नाही. खर्चही विचारून घ्या.

राहिलं सिझरचं. ते करून घेणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही, आणि गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं. पण फक्त दुखणं टाळायचं म्हणून करत असाल तर दुखणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. पोटाचे टाके, उठता-बसता ओढ, बाळ उचलताना कळ, हे सगळं ऑपरेशननंतर सुरू होतं, बाळ रात्रभर जागवत असतं त्याच दिवसांत. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यांवर रुजायचा धोकाही प्रत्येक सिझरबरोबर वाढतो. हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवा, मेसेज वाचून नाही.

मात्र तुम्ही ‘झोप लागत नाही’ लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं. बाळंतपणाची भीती पराकोटीला जाते तेव्हा तिला वैद्यकात टोकोफोबिया म्हणतात. हे नाव हॉफबर्ग आणि ब्रॉकिंग्टन या डॉक्टरांनी २००० मध्ये रूढ केलं. म्हणजे हा तुमचा भित्रेपणा नाही, डॉक्टरांना सांगावा असा त्रास आहे. पुढच्या तपासणीत रक्तदाब सांगता तसंच हेही सांगा. तोवर रात्री फार अस्वस्थ वाटलं तर मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

एक गोष्ट कळा सुरू व्हायची वाट न बघता करायची. पाणी गेलं, अंगावरून लाल जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तडक दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८ ला फोन.

तुमच्या हातात अजून आठ-दहा आठवडे आहेत. जी बाई आत तुमच्यासोबत असणार तिला पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि लेबर रूम आधी बघता येईल का, हे सिस्टरना विचारा. मी दुसऱ्या वेळी बघून आले होते. खिडकी कुठे आहे, बाथरूम किती पावलांवर आहे, धरायला कठडा कुठे आहे, एवढंच पाहिलं. त्या रात्री घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी सलग झोपले.