नुसतं भाषांतर पुरणार नाही

तुम्ही विचारलंय की नेब्रास्कातल्या तुमच्या गावात मेक्सिकन आणि ग्वाटेमालन दुकानदारांसाठी स्पॅनिशमधून धंद्याचे वर्ग सुरू करायचेत, तर इंग्रजी कोर्सच्या स्लाइड्स भाषांतरित करून भागेल का? मी अकाउंटंट आहे आणि लेक्सिंग्टन, स्कायलर या भागातल्या अशा वर्गांना बरीच वर्षं मदत करते आहे. माझ्या मते नाही भागणार.

‘प्रॉफिट’ हा एकच शब्द घ्या. आमच्या पहिल्या वर्गात भाषांतराच्या यंत्राने त्याचं ‘बेनेफिसिओ’ केलं होतं. स्पेनमध्ये तो शब्द चालतो. इथे मात्र बायकांना वाटलं, सरकारी मदतीबद्दल बोलणं चाललंय. ती घेतली तर पुढे कागदपत्रांना अडचण येईल या धास्तीने दोघी उठून गेल्या. पुढच्या वेळी ‘गानान्सिआ’ म्हटलं आणि गाडी रुळावर आली.

माणूस हिशेब आपल्या भाषेत करतो. मी इतकी वर्षं इथे राहूनही पाढे मराठीतच म्हणते. म्हणून वर्गाची सुरुवात स्लाइडने करू नका, त्यांच्या वहीने करा. एक बाई दर शनिवारी 20 डझन तमाले (मक्याच्या पिठाचा, आत सारण भरलेला वाफवलेला पदार्थ) विकायची, डझनाला 24 डॉलर. म्हणजे 480. मक्याचं पीठ, डुकराचं मांस, कणसाची पानं, स्वयंपाकघराचं भाडं आणि पेट्रोल मिळून 240 जायचे. उरलेले 240 ती कमाई समजत होती. मी विचारलं, तुम्ही आणि तुमची बहीण मिळून किती तास राबता? बोटांवर मोजून म्हणाली, तीस. म्हणजे ताशी 8 डॉलर, आणि इथली किमान मजुरी आता 15 आहे. ती गप्प झाली, मग तिथूनच बहिणीला फोन लावून तोच हिशेब पहिल्यापासून समजावून सांगितला. तिच्या तोंडून तो ऐकताना मला कळलं की तिला पुरता समजलाय. तिने भाव 30 केला. गिऱ्हाईक तुटलं नाही.

दुसरी अडचण कराची. यातले बरेच जण आधी मांसाच्या कारखान्यात काम केलेले, तिथे पगारातूनच कर कापून हातात चेक येतो. स्वतःच्या धंद्यात कापणारा कोणी नसतो. नफ्यावर सुमारे 15.3 टक्के स्वयंरोजगार कर, वर आयकर, आणि आगाऊ हप्ते साधारणपणे एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या 15 तारखेला. हे पहिल्याच दिवशी सांगा. दर आठवड्याला नफ्याचा एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची सवय लागली, की पुढचं बरंच सोपं होतं. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, ते 1996 पासून आयटिन (ITIN) या करखात्याच्या ओळख क्रमांकावर कर भरू शकतात. वर्गात मात्र कोणाचीही कागदपत्रं विचारू नका. एकदा विचारलंत की पुढच्या रविवारी खुर्च्या रिकाम्या.

पैशाच्या बाबतीत या लोकांना कच्चं समजू नका. त्यांची ‘तांदा’ म्हणजे आपली भिशीच, ग्वाटेमालाचे लोक तिला ‘कुचुबाल’ म्हणतात. दहाजणी दर महिन्याला ठरलेली रक्कम न चुकता भरतात, पण बँकेच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो. म्हणून पत तयार होण्यासाठी धंद्याचं वेगळं खातं आणि अगदी छोटं कर्ज इथपासून सुरुवात करावी लागते. नेब्रास्कातल्याच लायन्स गावच्या सेंटर फॉर रूरल अफेअर्स या संस्थेकडे स्पॅनिशमधून सल्ला मिळतो आणि छोट्या धंद्यांसाठी कर्जही आहे. त्यांना आधी भेटा. कर्जाचे नियम बदलत असतात, त्यामुळे कोणालाही आधीच शब्द देऊ नका.

आणखी एक. ग्वाटेमालाहून आलेल्या अनेकांची घरची भाषा स्पॅनिश नाही, किचे किंवा कांजोबाल आहे. त्यांना छापील कागदापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप जास्त उपयोगी पडतो.

हे काम आत्ताच करण्यासारखं आहे. लेक्सिंग्टनचा मांसाचा कारखाना 1990 मध्ये आला आणि त्याच्या आधाराने गाव वाढलं. तो चालवणाऱ्या टायसन कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, तीन हजारांहून अधिक नोकऱ्यांचा प्रश्न आला. नोकरी गेलेला माणूस साठवलेले पैसे फूड ट्रकमध्ये घालायला निघतो, तेव्हा शेजारी बसून वही उघडणारं कोणीतरी हवं.

वर्ग रविवारी दुपारी, चर्चमधली मिसा (प्रार्थना) झाल्यावर ठेवा. मुलांसाठी शेजारची खोली आधीच बघून ठेवा. हिशेबाच्या वहीचा माझा नमुना आहे, रकान्यांची नावं वर्गातल्या बायकांनीच ठरवलेली. निरोप टाका, पाठवते.