जिन्याखालची सायकल

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्यात. त्याची गिअरची सायकल दोन वर्षं जिन्याखाली पडून आहे. भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय. देऊन टाकू का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, भंगारात मुळीच देऊ नका! जून-जुलैत सयाजीराव विद्यापीठात बाहेरगावची मुलं येतात, त्यांना अशीच सायकल हवी असते. फतेगंजकडच्या वसतिगृहांत विचारा. त्याआधी हवा भरा, ब्रेकचे रबर बदला, साखळीला तेल द्या. माझ्या सायकलचे टायर बसलेले होते; घेणाऱ्याने चालवून न बघताच भाव पाडला, अजून हळहळ वाटते. पेडलच्या दांड्याखाली फ्रेमवर बहुधा नंबर कोरलेला असतो. तो पावतीवर लिहून दोघांनी सह्या करा. चक्कर मारायला देताना ओळखपत्र ठेवून घ्या.