नाशिक दोनदा बघून झालंय, बायकोला परत तिथेच जायचंय. तिसऱ्यांदा जाऊन नवीन काय बघू?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. माझा मेहुणाही मला दरवेळी विचारतो, 'नाशिकला तुमचं कोणी आहे का हो?' कोणी नाही. आम्ही डोंबिवलीकर, आणि गेल्या अठरा वर्षांत दहाएक वेळा तरी कसारा घाट चढून तिकडे गेलोय.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या खेपेला रिक्षा ठरवून अर्ध्या दिवसात सगळं उरकलं. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, पांडवलेणी. चप्पल काढ, चप्पल घाल, एवढंच लक्षात राहिलं. तरी गाव आवडलं. म्हणून तीन वर्षांनी तीच सहल जशीच्या तशी पुन्हा करायला निघालो. लॉजच्या जागी मोबाईलचं दुकान झालेलं. मिसळ त्याच हॉटेलात खाल्ली, काळ्या मसाल्याचा रस्सा तोच असणार, पण मी आपला आठवणीतल्या चवीशी भांडत बसलो. शेवटी बायको म्हणाली, 'आपण नाशिक बघायला आलोय की जुने फोटो परत काढायला?'

तेव्हापासून एका खेपेला एकच गोष्ट बघायची. उरलेला वेळ मोकळा.

एकदा फक्त पांडवलेणी केली. लेणी २४ आहेत, मी सकाळभर दोनच पाहिली. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष दगडी तुळया खांद्यावर घेऊन उभे आहेत, जमिनीत अर्धे रुतल्यासारखे. आधीच्या दोन्ही वेळा मी त्यांच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला होता, त्यांच्याकडे पाठ करून! आत ओसरीच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी आजीने कोरून घेतलेला. त्यात मुलाला 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हटलंय, म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. आणि जरा पुढे दहा नंबरच्या लेण्यात कोणाचे लेख? ज्या क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रपांच्या घराण्याचा, गौतमीपुत्राने बीमोड केला, त्यांच्यातल्या नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या दानधर्माचे. हाडवैरी, पण एकाच डोंगरावर शेजारी. हे कळल्यावर मी पायऱ्या मोजणं सोडून दिलं.

दुसरं, द्राक्षं. सगळे फेब्रुवारीत जातात, घड बघतात, वाईनरीत फोटो काढतात आणि परततात. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाऊन बघा. तेव्हा गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते. हिरवा मांडव जाऊन तारेवर नुसत्या काड्या उरतात. बायका हातमोजे घालून काडीवरच्या एकेका डोळ्याला, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेला, औषधाची पेस्ट लावत जातात, म्हणजे डोळे एकदम फुटतात. दिंडोरीकडच्या एका बागेत आम्ही विचारून बांधावर बसलो होतो. मालक म्हणाले, 'आता इथून पुढे झोप उडते आमची. पाऊस पडला की संपलं.' त्या वर्षापासून बाजारात द्राक्षांचा भाव करताना माझा आवाज जरा खाली येतो.

पावसाळ्यात गेलात तर गोदाघाटावर नुसते उभे राहा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर मोजतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, असं बोलणं चालतं. मूर्ती दिसेनाशी व्हायला लागली की सराफ बाजारातली दुकानं आवरायला घेतात. उन्हाळ्यात मी त्याच मारुतीसमोर उसाचा रस पीत बसलो होतो, तेव्हा तो मला नुसता शेंदूर लावलेला मारुती वाटला होता.

काळारामाला परत जाल तेव्हा एकदा दर्शनाची घाई न करता बाहेर थांबा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दारांसमोर सुरू झाला. आत जाण्याआधी ते दार बघण्यासारखं आहे.

पण मला एकच खेप निवडायला सांगाल तर मी रंगपंचमी निवडेन. नाशिकचा खरा रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो. जुन्या गावात पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे जमिनीखालचे दगडी हौद. वर्षभर त्या लाकडं, माती टाकून बुजवलेल्या असतात आणि वरून स्कूटर, हातगाड्या जात असतात. तिवंधा चौकातून मी किती वेळा भांडी बाजाराकडे गेलो असेन, पायाखाली हौद आहे याचा पत्ताच नाही! पंचमीला तो उघडून रंगाने भरतात आणि पोरं वरून धप्पा मारतात. मीही मारला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. नाकातून रंग दोन दिवस येत होता.

बायकोला लांबूनच बघायचं असेल तर ओळख काढून आसपासच्या वाड्याची गॅलरी मिळते का बघा. तुम्ही खाली जाणार असाल तर मोबाईल आणि चष्मा तिच्याकडे द्या, आणि बनियनसकट सगळे कपडे टाकायच्या लायकीचेच घाला.