अकरावीतल्या भाच्याच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली, रात्रभर जागा असतो. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं का?

नाही. दप्तरात पुडी सापडली एवढ्यावरून सोळा-सतरा वर्षांच्या पोराला केंद्रात भरती करत नाहीत. तुम्ही लिहिलंय की तो झोपत नाही, जेवणावर मन नाही, मित्रांकडे जाणं बंद केलंय. मला त्या पुडीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. आणि तुमचे दाजी म्हणतात ना, "दोन ठेवून दिल्या की सुटेल", हे वाक्य मी आमच्या काकांच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

आमचं गाव पारोळ्याकडचं, कापसाचं. काका स्वतः पुडी खाणारे. चुलत भाऊ चौथी-पाचवीत असल्यापासून काकांची हाक ठरलेली: "जाय रे, दोन पुड्या लई ये." टपरीवर काकांचं खातं, पोरगं सही केल्यासारखं नाव सांगून पुड्या घेऊन यायचं. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची. त्यानंतर फरक एवढाच पडला की पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकणं गुन्हा, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही गुन्हा, २००३ चा कायदा आहे. पण पोराला टपरीवर पाठवणारा घरातलाच असेल तर कुठला कायदा पुरणार?

बारावीनंतर भाऊ जळगावला खोली करून नीटची तयारी करू लागला. रात्री जाग राहावी म्हणून पुडी, मग ती सकाळपासूनच. पहिल्या प्रयत्नात मार्क आले नाहीत. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, घरी आला तेव्हा शेवभाजीचा घास तोंडात घेववेना, आग आग होत होती. मी त्याला तोंड उघडायला लावलं. तीन बोटं उभी सहज जायला हवीत, दोनच गेली. हे पुडीतल्या सुपारीनं होतं, तंबाखू नसली तरी होतं. आखडलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, खाणं थांबवलं तर पुढचं नुकसान टळतं.

काकांनी काय केलं? कानबाईसमोर शपथ घ्यायला लावली, वर दोन कानफटात. पोरानं पुडी बंद केली, तशी चिडचिड वाढली, होती ती झोपही गेली. तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस हे होणारच, पण काका म्हणाले नाटकं करतो. मग तो लपून खाऊ लागला, आणि देवीची शपथ मोडली म्हणून स्वतःचाच तिरस्कार करू लागला.

मी म्हटलं, सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवू. घरात जे रामायण झालं! "आपला पोऱ्या काय येडा शे का? उद्या याले पोर कोण दी?" पोराच्या झोपेपेक्षा त्याच्या लग्नाची चिंता आधी. शेवटी काकूला सांगून मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पुडीबद्दल सगळ्यात शेवटी विचारलं. आधी झोप, मग अभ्यास, मग "जगणं नको वाटतं का?" हे सरळ विचारलं, आणि पोरगं पहिल्यांदा बोललं. नैराश्य निघालं. गोळ्या, समुपदेशन, आणि त्याबरोबर तंबाखू सोडवणं. आता तो बीएस्सी करतोय, पुडी बंद आहे. काका आजही लग्नकार्यात सांगतात की शपथेनं सुटलं. शपथेनंच सुटायचं असतं तर काकांची स्वतःची आधी सुटली असती.

तर दाजींना सांगा, मारणं बंद आणि दप्तर तपासणंही बंद. भाच्याला तुम्ही मामा म्हणून बाहेर घेऊन जा, पुडीचा विषय न काढता झोपेबद्दल विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःही लावू शकता. तंबाखू सोडण्यासाठी वेगळी लाइन आहे, १८००-११-२३५६.

दोन गोष्टी राहिल्या. पुडीबरोबर दारू रोजची असेल आणि ती न मिळाल्यावर हात थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, जिवावर बेततं. तेव्हा डॉक्टर हवेतच, भरतीही लागू शकते. आणि मरणाची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरात फवारणीची औषधं असतील तर आजच कुलपात टाका, किल्ली त्याला ठाऊक नको. आपल्याकडे कापसाचं औषध ओसरीत, पलंगाखाली कुठंही पडलेलं असतं. दाजी याला अपशकुनी बोलणं म्हणतील, आमचे काकाही म्हणाले होते. म्हणू द्या.