'हास्सेनफ्लूग' या जर्मन आडनावात ससा आहे का? आणि हे नाव इतकं कमी का ऐकू येतं?

प्रश्न असा आलाय की ग्रिम बंधूंच्या परीकथांविषयी वाचताना हास्सेनफ्लूग हे आडनाव सारखं भेटतं, जर्मन शिकणाऱ्या मित्राने त्याची फोड 'हाझे' म्हणजे ससा आणि 'प्फ्लूग' म्हणजे नांगर अशी करून दिली, पण सशाचा नांगर हे आडनाव काही पटत नाही, तर खरा अर्थ काय आणि हे नाव तिकडे कॉमन आहे का.

नांगर बरोबर आहे, ससा मात्र यात कुठेच नाही. हे अख्खं एक छोटं वाक्य आहे, तेही आज्ञार्थी: 'हास डेन प्फ्लूग', म्हणजे नांगराचा तिटकारा कर. यातला 'डेन' हा जर्मनमधला पुल्लिंगी कर्माला लागणारा आर्टिकल (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द), भरभर बोलताना त्याचा 'ड' गेला आणि नुसतं 'एन' उरलं, तेच आज नावाच्या मधोमध चिकटून बसलंय. हास, एन, प्फ्लूग अशी तीन तुकड्यांची फोड आहे. गंमत अशी की 'हास्सेन' हे आजच्या जर्मनमध्ये 'द्वेष करणे' या क्रियापदाचं मूळ रूपही आहे, त्यामुळे खुद्द जर्मन माणूससुद्धा पटकन दोनच तुकडे करून मोकळा होतो आणि मधला आर्टिकल त्याला दिसतच नाही.

एकटं हेच नाव असतं तर मीही इतक्या ठामपणे बोललो नसतो, पण याची भावंडं बरीच आहेत. श्प्रिंगइन्सफेल्ड घ्या, 'रानात उडी मार', त्यात 'श्प्रिंग' हे स्वच्छ आज्ञार्थी रूप आहे, तिथे शंकेला जागाच नाही. हाउएनशिल्ड म्हणजे 'ढालीवर घाव घाल'. चौदाव्या शतकातला ऑस्ट्रियन कवी पेटर झूखेनविर्ट, त्याचं आडनाव 'यजमान शोध', गावोगाव फिरून आश्रयदात्यांची स्तुती गाणाऱ्या कवीला याहून चपखल नाव कुठलं मिळणार! हॅम्बुर्गवाल्यांनी ज्याचं मुंडकं उडवलं तो समुद्री चाचा क्लाउस श्टोर्टेबेकर, त्याचं नाव उत्तरेकडच्या बोलीत 'पेला रिकामा कर'. कीझेवेटर म्हणजे 'हवामान बघ'. जर्मन अभ्यासक या प्रकाराला 'झात्सनामे' म्हणतात, आपण वाक्यनाम म्हणू. आणि हे फक्त जर्मनीत नाही, शेक्सपियर म्हणजे 'भाला हलव' आणि इटलीतलं बेव्हिलाक्वा म्हणजे 'पाणी पी', हीसुद्धा याच घडणीची नावं आहेत.

आपल्याकडे वाघमारे, डोईफोडे, ताकसांडे आहेत, त्यांच्यातही क्रियापद आहे, पण आपण कर्म आधी ठेवतो आणि त्या माणसाने काय केलं किंवा तो काय करतो ते सांगतो. जर्मन नावात क्रियापद पहिलं येतं आणि हुकूम सोडल्यासारखं येतं. मला वाटतं मुळात ही त्या माणसाच्या तोंडची वाक्यं असावीत, म्हणजे जो उठसूट 'ओत रे, संपव पेला' म्हणायचा त्याला लोकांनी तेच नाव ठेवलं.

आता नांगराचा तिटकारा कुणाला? ही नावं पडली ती मध्ययुगाच्या उत्तरार्धात, जर्मन शहरांत साधारण बाराव्या शतकापासून आडनावं स्थिरावायला लागली आणि खेड्यापाड्यांत त्याला आणखी दोनतीन शतकं लागली. वाक्यनामं जास्त करून भटक्या लोकांना चिकटलेली दिसतात, गाणारेबजावणारे, भाडोत्री सैनिक, आणि काम शिकत गावोगाव फिरणारे कारागीर. लोहारांमध्ये तर शिकाऊ पोरगा कारागीर झाला की त्याचं थट्टेने नवं नाव ठेवायची रीतच होती. त्यामुळे हास्सेनफ्लूग म्हणजे शेतात अंगचोरपणा करणारा शेतकरी, असा अर्थ नेहमी दिला जातो तो बरोबरच आहे, पण घरची शेती सोडून भट्टीवर किंवा सैन्यात गेलेला पोरगा हा अर्थ मला जास्त जवळचा वाटतो, कारण नांगराचं नाव घेऊन चिडवायचं तर तो माणूस नांगरापासून लांब गेलेला असला पाहिजे.

दुर्मीळ का, तर याचं कारण नावाच्या जातीतच आहे. म्युलर म्हणजे गिरणीवाला आणि श्मिट म्हणजे लोहार, हे प्रत्येक गावात होतेच, म्हणून ती नावं एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो घरांत स्वतंत्रपणे पडली. टोपणनाव तसं पडत नाही, ते एका माणसाला, एका गावात, एखाद्या प्रसंगावरून पडतं आणि पुढे त्याच्याच वंशात चालतं, म्हणून हास्सेनफ्लूग मंडळी मुख्यतः मध्य जर्मनीतल्या हेस आणि त्याला लागून असलेल्या थुरिंगियाच्या पट्ट्यात सापडतात. शिवाय मधल्या काळात ऐकणाऱ्यांनाही अर्थ लागेनासा झाला आणि चर्चच्या वहीत कुणी एक 'एस' लिहिला, कुणी दोन. तिथूनच 'हाझेनफ्लूग' हे सशाचं रूप आलं, ते लोकांनी मागाहून लावलेलं आहे. हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलची सुंदर चित्रं काढणारा कार्ल हाझेनफ्लूग (१८०२ ते १८५८) एका एसवाला होता. १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली आणि ज्याच्या घरात त्या वेळी जे स्पेलिंग होतं ते तिथेच गोठलं.

इतकं दुर्मीळ नाव आपल्यापर्यंत पोचलं ते हेसमधल्या कासेल शहरातल्या एका कुटुंबामुळे. तिथल्या मारी, यानेट आणि अमाली या हास्सेनफ्लूग बहिणींनी ग्रिम बंधूंना भरपूर गोष्टी सांगितल्या, १८१२च्या पहिल्या खंडातली झोपलेल्या राजकन्येची गोष्ट मारीची आणि लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट यानेटची. आईकडून हे घराणं फ्रेंच ह्युगेनो, म्हणजे फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं, घरात फ्रेंच बोलायचे, म्हणूनच बूट घातलेलं मांजर आणि निळ्या दाढीवाल्याची गोष्ट पहिल्या आवृत्तीत होती ती १८१९ला फार फ्रेंच वाटते म्हणून काढून टाकली. त्यात भर म्हणजे विल्हेल्म ग्रिमच्या मुलाने सांगून ठेवलं होतं की ग्रिमांच्या टिपणांत गोष्ट सांगणारी म्हणून जी 'मारी' आहे ती औषधाच्या दुकानवाल्या विल्ड कुटुंबातली म्हातारी घरकामवाली, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळे तेच लिहीत राहिले. १९७५ साली हाइन्त्स र्‍योलेके या अभ्यासकाने दाखवून दिलं की ती मारी म्हणजे सुशिक्षित घरातली तरुण मारी हास्सेनफ्लूग. एका मुलीचं श्रेय इतकी वर्षं दुसरीच्या नावावर जमा होतं हे मला अजूनही फार लागतं.

त्यांचा भाऊ लुडविग, ज्याने १८२२ला ग्रिमांची बहीण लोटे हिच्याशी लग्न केलं, तो मात्र वेगळ्याच कारणाने गाजला. हेस-कासेलचा मंत्री असताना १८५०ला त्याने संसदेच्या मंजुरीशिवाय कर वसूल करायचा घाट घातला, राज्यघटनेची शपथ घेतलेल्या बहुतेक लष्करी अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि शेवटी बाहेरून बव्हेरियन सैन्य आणावं लागलं. लोकांनी त्याच्या आडनावाचं 'हेस्सेनफ्लूख' करून टाकलं, म्हणजे हेसला लागलेला शाप. दोनतीन आवाज इकडचे तिकडे केले की झालं, आणि हे त्याला आयुष्यभर चिकटलं.

मराठीत लिहिताना 'हास्सेन' असा जोड 'स्स'च ठेवा, पहिला 'हा' आखूड म्हणायचा. 'हासेन' लिहिलंत की वाचणारा 'हा' लांबवतो आणि परत सशाकडे जातो. 'फ्लूग'च्या आधी ओठ मिटून हलका 'प' येतो आणि शेवटचा 'ग' ऐकायला 'क'सारखा लागतो, पण लिहिताना नुसतं 'फ्लूग' लिहिलं तरी चालेल.