नागिणीवरची गोळी आपल्या पेशी का मारत नाही?

नागिणीचा विषाणू आपल्याच पेशीत शिरून वाढतो, मग त्यावरचं औषध ॲसायक्लोव्हिर नेमकं त्यालाच कसं अडवतं? कारण आपण गिळतो ते औषध मुळात निष्क्रिय असतं. दिसायला ते डीएनएच्या ग्वानोसिन या घटकासारखं, पण तीन फॉस्फेट जोडल्याशिवाय काहीच करत नाही. पहिला फॉस्फेट जोडतं थायमिडिन कायनेज नावाचं एन्झाइम, आणि तेही विषाणूचं स्वतःचं. आपल्या एन्झाइमांना ते काम जवळजवळ जमतच नाही. उरलेले दोन मात्र आपलीच एन्झाइमं जोडतात! म्हणजे औषध जागं होतं ते मुख्यतः बाधित पेशीत.

मग विषाणूचं डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची साखळी जोडणारं एन्झाइम, हा बनावट घटक साखळीत बसवतं. त्याला पुढचा घटक जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गटच नसल्यामुळे साखळी तिथेच थांबते. आपलं पॉलिमरेज त्याला फारसं भुलत नाही. मला यातली ही दुहेरी निवड फार आवडते. यामागे औषध-संशोधक गर्ट्रूड एलियन यांच्या चमूचं काम होतं. एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं.

मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसलेल्या विषाणूवर मात्र हे चालत नाही, कारण तिथे तो डीएनएच्या प्रती काढत नसतो. कायनेज बदलून विषाणू दाद देईनासा झाला तर फॉस्कार्नेट हे दुसरं औषध देतात. त्याला कायनेज लागत नाही, पण मूत्रपिंडाला ते जड जातं.

आणि हो, नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, हे खोटं. पुरळ उठल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा.