जुन्या फ्रेंच संगीतकोशांतले शब्द कोणत्या खान्यात टाकायचे?

तुमचा प्रश्न असा की अठराव्या शतकातले कोशकार ब्रोसार आणि रुसो (तत्त्वज्ञ म्हणून ओळखला जाणारा तोच) यांच्या फ्रेंच संगीतकोशांतले शब्द एक्सेलमध्ये उतरवताना गती, वाद्य, रचनाप्रकार, स्वरशास्त्र असे चार खाने केले, तर प्रत्येक शब्दाला एक खाना पुरेल का. नाही पुरणार. खाना अर्थाला द्या आणि एका शब्दाच्या हव्या तितक्या ओळी होऊ द्या.

रुसोच्या १७६८ च्या कोशातला अदाजिओ घ्या. आधी तो गती सांगतो. मग म्हणतो, हा शब्द नाम म्हणूनही चालतो, त्या गतीत बांधलेल्या रचनेलाच अदाजिओ म्हणतात. उदाहरणं देतो तार्तिनी आणि लोकातेल्ली या इटालियन संगीतकारांची: एकाचा अदाजिओ, दुसऱ्याचा आलेग्रो (जलद गतीची रचना). एकाच नोंदीत गतीही आली आणि रचनाही.

बरं, ‘गती’ हा खाना तरी सरळ आहे का? ‘मूव्हमां’ (म्हणजे गती) या नोंदीत रुसो संथापासून जलदापर्यंत पाच पायऱ्या लावतो: लार्गो, अदाजिओ, आंदांते, आलेग्रो, प्रेस्तो. त्यांच्यासमोर फ्रेंच शब्द ठेवतो ते अनुक्रमे संथ, मध्यम, डौलदार, आनंदी आणि जलद या अर्थांचे. यातला तिसरा आणि चौथा शब्द वेगाबद्दल काहीच सांगत नाही, सांगतो तो भाव. आपण आज मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांच्या सवयीने गती वेगळी काढतो. तेव्हा ते यंत्रच नव्हतं. म्हणून ‘गती’ आणि ‘भाव’ असे दोन टॅग ठेवा आणि एकाच ओळीला दोन्ही लावायची मुभा असू द्या.

रुसोच्याच कोशातली ‘तों’ (फ्रेंच ton) ही नोंद तर याहून गुंतागुंतीची. दोन स्वरांमधलं अंतर, गाण्या-वाजवण्याची पट्टी, रचनेचा आधारस्वर, आणि वर वाद्यवृंदाला सूर देणारी एक शिट्टीसुद्धा, सगळं त्या एका शब्दाखाली. शिट्टी वाद्यांच्या खान्यात जाईल, बाकीचे अर्थ स्वरशास्त्रात.

ब्रोसारची अडचण वेगळी आहे. त्याचा मोठा कोश १७०३ चा, पॅरिसच्या बालारने छापलेला. इटालियन सोनाटा (वाद्यांसाठीच्या रचना) आणि कँटाटांची (गायनाच्या रचनांची) फ्रान्समध्ये चलती सुरू झालेली, आणि त्यांतल्या सूचना फ्रेंच वाचकाला उलगडून सांगायच्या, हा त्याचा खटाटोप. त्यामुळे मुख्य नोंदी ग्रीक, लॅटिन आणि इटालियन शब्दांच्या. फ्रेंच शब्दांची यादी मागे, तीही बहुतेक मुख्य नोंदीकडे बोट दाखवणारी. फक्त मुख्य भाग उतरवलात तर फ्रेंचांकडे स्वतःचे शब्दच नव्हते असं चित्र उभं राहील. मूळ भाषेचा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणखी एक कॉलम लागेल: कोशकाराने स्वतः केलेली वर्गवारी. ‘सुओनाता’ (सोनाटाचं इटालियन रूप) या नोंदीखाली ब्रोसार सोनाटांचे ढोबळ दोन प्रकार करतो, चर्चमधल्या आणि दिवाणखान्यातल्या. ही वर्गवारी जिथे वाजवायचं त्या जागेवरून केलेली आहे. ती तुमच्या ‘रचनाप्रकार’ खान्यात मिसळून टाकू नका, नाहीतर त्याचं मत कुठलं आणि तुमचं कुठलं हे वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही.

वाद्यांच्या मोजणीपासून जरा सांभाळून. रुसोच्या कोशाचं मूळ म्हणजे त्याने दिदरो-दालांबेरच्या विश्वकोशासाठी १७४९ मध्ये घाईघाईने लिहिलेले संगीताचे लेख. त्या कामात वाद्यांचा भाग दिदरोने स्वतःकडे घेतला होता, आणि पुढे स्वतंत्र कोश करतानाही रुसो त्या वाटेला गेला नाही. प्रस्तावनेत तो हे सांगून टाकतो. विश्वकोशात वाद्यांच्या पुष्कळ नोंदींवर ‘ल्युतरी’, म्हणजे वाद्यकारागिरी, असा शिक्का आहे. तेव्हा ‘रुसोकडे वाद्यं कमी’ या आकड्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नका.

पुढे १७९१ च्या ‘आंसिक्लोपेदी मेतोदिक’ या विषयवार विश्वकोशाच्या संगीतखंडापर्यंत जाणार असाल तर लेखकाचाही कॉलम हवा. त्याचे संपादक फ्रामरी आणि झँगने यांनी तिथे रुसोच्या नोंदी परत छापल्या आणि कित्येक ठिकाणी खाली त्याला खोडून काढणारा मजकूर जोडला. (मला तरी रुसोच्या नोंदीपेक्षा ही खालची भांडणंच जास्त रंगतदार वाटतात.) तिथे एका शब्दाखाली दोन माणसांची दोन वर्गीकरणं सापडतील.

सगळा कोश एकदम हातात घेऊ नका. ब्रोसारचं एस हे एकच अक्षर आधी करून बघा. सुओनाता तिथेच आहे आणि शैलींचे प्रकार सांगणारी ‘स्तिलो’ची लांबलचक नोंदही. तेवढ्यात तुमचे खाने टिकतात का ते दिसेल.